म्हादबा, तुझ्या टाकीचं झाकण मी उघडलं

म्हादबा, तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी तुझ्या हद्दीतल्या टाकीला हात घातला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तू असतास तर चार दिवस माझ्याशी बोलला नसतास. आता तसाही बोलत नाहीस, म्हणून मीच बोलतो.

मी दोन बुकं शिकलेला लोहार. लिहायची सवय नाही. पण आपले शाळामास्तर म्हणाले, "मिस्त्री, तुम्हीच लिहा, वाचनालयाच्या अंकात छापू. शुद्धलेखन मी बघतो." मी म्हटलं, शुद्धलेखन खुशाल बघा, मजकुराला पाना लावायचा नाही. तुझा जन्म कुठला, तुला लेकरं किती, हे ज्याला पाहिजे त्यानं तुझ्या घरी जाऊन विचारावं. मी लिहिणार ते तुझं, माझं आणि त्या गाडीचं.

आधी हद्दीचं सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याला कोडं पडायला नको. गाडी चाकणच्या आपल्या मालकांची. जुनी अमेरिकन, कापडी टपाची, सहा माणसांची. तू दहा कोंबायचास. तू ड्रायव्हर, मी मिस्त्री. इंजिन आणि बसायची जागा यांच्यामध्ये जो उभा पत्रा असतो, ती आपली शीव. पत्र्याच्या पुढचं माझं, मागचं तुझं. मी एकदा तुझ्या जागेवर बसून ब्रेक दाबून बघितला, तर तू गाडी धुऊन काढलीस. तू एकदा बॉनेट उचलून पाणी घातलंस, तर मी त्या दिवशी जेवलो नाही. पेट्रोलची टाकी गाडीच्या मागच्या अंगाला, म्हणजे तुझी. झाकण तू उघडायचं, पेट्रोल तू ओतायचं. लोक हसायचे. हसू देत. त्या एका शिस्तीवर ती गाडी चालली, आणि तिच्याबरोबरीच्या सगळ्या गाड्यांत आता कोंबड्या बसतात.

जुन्या इंजिनाचा ब्लॉक तडकला तेव्हापासून खरं सुरू होतं. तो का तडकला यावर आपलं शेवटपर्यंत जमलं नाही. तू म्हणायचास, वय झालं होतं. मी म्हणतो, तापलेल्या इंजिनात तू गार पाणी ओतलंस. अजून म्हणतो. आता उत्तर द्यायला तू नाहीस म्हणून हे मी जिंकल्यात जमा धरत नाही. भांडण तसंच उभं आहे, जॅकवर चढवलेल्या गाडीसारखं.

एस.टी.नं रस्ता घेतला होता. सर्व्हिस मोटारीचे दिवस सरले होते. मालकांना पिंपरीचं काम मिळालं होतं. तिकडच्या माळावर नवा कारखाना उभा राहत होता, त्याच्या साहेबलोकांना रोज सकाळी स्टेशनावरून माळावर न्यायचं. त्यासाठी गाडी पाहिजे आणि आपल्या गाडीचं काळीज फुटलेलं. लढाई संपल्यावर देहूरोडकडे लष्करी मालाचे लिलाव व्हायचे, तिथून आणलेलं एक इंजिन मालकांच्या वखारीत पोत्याखाली पडलं होतं. मी म्हटलं, हे त्यात बसवतो. मालक म्हणाले, "अरे, हे बैलाचं शिंग म्हशीला लावल्यासारखं होईल."

"लावून दाखवतो," मी म्हटलं.

"दसऱ्याला सकाळी गाडी पिंपरी स्टेशनावर उभी राहिली तर तुझी शाबास. नाहीतर एकादशीला भंगारवाला येईल."

तेव्हा स्टँडवरच्या लिंबाखाली पंधरा-वीस माणसं होती. माझा स्वभाव तुला माहीत. मी सगळ्यांसमोर बोलून बसलो, "दसऱ्याला गाडी मोशीचा चढ चढली न्हाई, तर हा सखाराम पुन्हा पाना धरणार न्हाई."

तू तिथंच बिडी ओढत होतास. म्हणालास, "आन् मंग म्या काय धरू? नांगर? जमीन काय तुज्या बापानं ठिवलीय माज्यासाठी?"

सगळे हसले. पण घरी जाताना तू माझ्या बाजूनं चालत होतास. गाडी भंगारात गेली तर तुझं काय, हे मला कळत होतं. आणि मी पाना टाकला तर माझं काय, हे तुला.

इंजिन बसवायला मला वीस दिवस लागले. कागद नाही, नकाशा नाही. सुतळी, खडू आणि बापाची ऐरण. लष्करी इंजिन आखूड आणि रुंद, आपल्या गाडीचं नाक लांब आणि अरुंद. मी चार पाय नवे घडवले, हादरे बसू नयेत म्हणून त्यांच्याखाली जुन्या टायरचे तुकडे घातले. आजही सांगतो, पुण्याच्या कुठल्याही मोठ्या वर्कशॉपातला माणूस आणा, त्याला त्या जोडात बोट घालायला फट सापडणार नाही. काम पितरपाटात संपलं. नवी गोष्ट पितरपाटात चालू करायची नाही, म्हणून थांबलो. घटस्थापनेला सकाळी मी पुढं बॉनेटपाशी, तू मागं तुझ्या हद्दीत.

स्टार्टर दाबला तर नुसता कण्हला. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. तू चोकची तार ओढायला हात घातलास आणि ओरडलास. बोटं भाजली होती.

"मिस्त्री, गाडीच्या अंगात आलंय. तार तापलीय निखाऱ्यावानी."

"तुज्या बोटात आलं आसंल."

"ही तार तुज्या हद्दीतनं येती आन् चटका माज्या हद्दीत बसतो, हे बरंय तुजं."

तू बोटं केळीच्या पानात गुंडाळून बसलास. मी अर्धा दिवस डोकं धरून बसलो. मग लक्षात आलं. मीच मोठ्या हौसेनं इंजिन रबरावर बसवलेलं. बॅटरीची वीज इंजिनात जायची, पण परत चासीकडे, म्हणजे गाडीच्या सांगाड्याकडे, यायला तिला रस्ताच नव्हता. बिचारी त्या बारीक चोकच्या तारेवरून परतत होती. मी जाड तांब्याच्या तारेची वेणी वळून इंजिन आणि चासी जोडली. पहिल्या दाबाला इंजिन चालू. सगळ्या स्टँडला ऐकू गेलं. तू भाजलेला हात वर करून नाचलास, आणि उरलेली तांब्याची तार खिशात घातलीस. मी बघितलं होतं. उरलेलं सामान पळवायची तुझी सवयच.

ती सुरुवात होती. नवं इंजिन जुन्या गाडीत म्हणजे नवी सून. घर नीट चालेस्तोवर दर दिवशी एक तक्रार. ब्रेक मारला की इंजिन त्या टायरच्या तुकड्यांवर पुढं झुकायचं आणि पंखा रेडिएटरला खर्रकन घासायचा. मी मागून लोखंडी ताण दिला. मग क्लच दाबला तरी गिअर दातओठ खायचे. पायाकडून येणारी सळई बोटभर लांब झाली होती, ती कापली. हे सगळं मला सापडत होतं, कारण सगळं पत्र्याच्या पुढचं होतं.

पाचव्या माळेला खरी आडकाठी आली. गाडी सपाटीला उत्तम. इंद्रायणीचा पूल ओलांडला, मोशीचा चढ लागला, की अर्ध्यावर दम तोडायची. उचक्या देऊन बंद. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू, जणू काही झालंच नाही. पुन्हा चढ, पुन्हा उचकी.

मी म्हटलं, पेट्रोलपंप तापतो, नळीत वाफ धरते. माझ्या तांबड्या पटक्याचा हातभर तुकडा फाडला, ओला करून पंपाला गुंडाळला. हिरव्या दोऱ्यानं हिनं काठ शिवलेला पटका; घरी आठ दिवस ऐकून घ्यावं लागलं. तू शेजारी उभा राहून म्हणालास, "मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठिव की. आन् जरा पेज पाज."

पंप गार झाला, गाडी तरी बंद. प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्बोरेटर तीनदा उघडला. काही नाही. तेव्हा मी तुझ्यावर घसरलो. तू नवरात्रात अनवाणी राहायचास, गाडी पण अनवाणी पायानं चालवायचास.

"उघड्या पायाला दाब कळत न्हाई. तूच पेट्रोल कमी देतोस चढाला."

"माज्या पायाची खोड काढतोस? चाळीस वरीस ह्या पायानं बैल हाकलं, मोटार हाकली."

"मंग बैलच हाकायचे."

त्यावर तू स्टिअरिंगवरून उतरलास आणि चाकणच्या वाटेनं चालू लागलास. अनवाणी. दहा मिनिटांनी गाडी चालू झाली असती. पण चालवणार कोण? तुझ्या जागेवर बसायचं नव्हतं. मी शिवारात बसून राहिलो, आणि तासाभरानं तू परत चालत आलास. स्टिअरिंगवर बसलास, गाडी नेलीस.

आठव्या माळेपर्यंत हेच. नवमीला खंडेपूजा. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. माझ्या बापानं त्या दिवशी ऐरणीवर कधी घाव घातला नाही, मी घालणार नव्हतो. शेडमध्ये पाटावर पांढरं फडकं अंथरून सगळे पाने, हातोड्या, जॅक मांडले होते. दसरा दुसऱ्या दिवशी आणि माझे हात रिकामे. बाहेर येऊन बॉनेट उचलून नुसता उभा राहिलो.

पेट्रोलच्या नळीवर एक पितळी वाटी असते, कचरा खाली बसायला. तिला पाना लागत नाही, दोन बोटांनी फिरवायचा स्क्रू असतो. नऊ दिवस मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. बसवताना मी स्वतः धुतली होती ना. मी धुतलेलं घाण कसं असेल? त्या दिवशी हातात दुसरं काहीच नव्हतं, म्हणून ती उघडली.

तळाला बोटभर पिवळा गाळ. चिमटीत घेऊन चोळला, वास घेतला. पेट्रोलच्या वासाखाली हळद.

म्हादबा, चाकणात भंडाऱ्याची पिशवी कमरेला लावून फिरणारा ड्रायव्हर एकच होता. चहात साखर कमी पडली तरी खंडोबाचा भंडारा टाकेल असा. घटस्थापनेला मी पुढं बॉनेटखाली डोकं घालून होतो तेव्हा तू मागं टाकीपाशी वाकला होतास. मला वाटलं, पेट्रोल ओततोयस. सपाटीला पेट्रोल कमी लागतं, तेवढं जात होतं. चढाला जास्त ओढ लागली की तो भंडारा वाटीतल्या जाळीवर चिकटून वाट बंद करायचा. इंजिन थांबलं की खाली बसायचा. चार दिवस मी जे शोधत होतो ते तुझ्या हद्दीतून येत होतं.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. वाटी हातात घेऊन शेडकडे निघालो. पंधरा माणसांसमोर माझं नाव जाणार होतं, तुझ्यामुळं. काय बोलायचं ते सगळं तोंडात तयार होतं.

तू पाटासमोर बसला होतास. माझा एकेक पाना उचलून धोतराच्या सोग्यानं पुसत होतास, हळद लावत होतास, मापाचा आकडा वर येईल असा मांडत होतास. मी मांडतो तसा. तुझी पाठ माझ्याकडे होती. तू देवाला सांगत होतास, "गाडीचं मागनं बघू. मिस्त्रीनं चारचौघांत शब्द टाकलाय. तेवढा राख."

मी मागच्या पावली फिरलो.

पटक्याच्या त्याच तुकड्यानं वाटी पुसली, तुकडा निवडुंगाच्या कुंपणात फेकला. वाटी बसवली. मग लांबून हाक मारली, "म्हादबा, तुज्या टाकीत गंज धरलाय. उपसून घे."

"माज्या टाकीत? गंज?"

"व्हय. गंज."

तू माझ्याकडे बराच वेळ बघितलंस. मग म्हणालास, "बघतो." आयुष्यात पहिल्यांदा तू वाद घातला नाहीस. मला वाटलं, मी जिंकलो. दुपारभर तू रबरी नळीनं टाकी उपसत होतास, मला जवळ येऊ दिलं नाहीस.

दसऱ्याला गाडी मोशीचा चढ अशी चढली, की तू वर जाऊन परत खाली आलास आणि पुन्हा चढवलीस, मला दाखवायला. पिंपरी स्टेशनावर आपण साहेबांच्या आगगाडीच्या आधी उभे. मालकांनी माझ्या हातावर सोनं ठेवलं, आपट्याचं, आणि म्हणाले, "शिंग लागलं बाबा म्हशीला." त्या दिवसाची मान माझी अजून खाली आलेली नाही.

आणि मग तू सुरू झालास. पिंपरी असो, भोसरी असो, चार माणसं दिसली की, "इंजिन मिस्त्रीनं बसवलं, पन चढवलं माज्या भंडाऱ्यानं. टाकीत टाकला आन् गाडी लागली चढाला." सात वर्षं म्हादबा. सात वर्षं मी दात आवळून ऐकलं. खरं काय ते माझ्या जिभेवर होतं. एकदा बोललो असतो तर तुझं तोंड कायमचं बंद झालं असतं. बोललो नाही. गावात मला हट्टी म्हणतात, पण सात वर्षं गप्प राहण्याइतका हट्ट कुणी केला असेल तर दाखवा.

तू अंथरुणाला खिळलास तेव्हा शेवटची भेट. तू हसत म्हणालास, "आता तरी कबूल कर की. भंडाऱ्यानंच चढली."

मी म्हटलं, "मेलास तरी कबूल करणार न्हाई."

नेहमीचंच बोलणं. वर्षात दहादा असं बोलायचो. पण ते शेवटचं ठरेल हे कुणी सांगावं. तू म्हणालास, "बरं. म्या गेल्याव बघ तुजं तू." आणि कुशीला वळलास. मला वाटलं, चिडलास. घरी येताना वाटलं, परत जावं, काहीतरी बोलावं. गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. मालक म्हणाले, "अस्थी आपल्याच गाडीतून जाऊ देत, मोशीला, इंद्रायणीत. नवा ड्रायव्हर नको. मिस्त्री, तुम्हीच चालवा." गाडीत पेट्रोल नव्हतं. डबा घेऊन मी मागं गेलो, आणि तुझ्या टाकीचं झाकण उघडलं.

तोंडात एक फडकं बसवलेलं. पिशवीसारखं आत सोडलेलं, वरून तांब्याच्या तारेनं आवळलेलं. तांब्याची तार मी ओळखली. फडकं धुऊन धुऊन गुलाबी पडलेलं, पण काठाला हिरवा दोरा होता. माझा पटका. फडक्याच्या तळाशी चिमूटभर भंडारा, आणि खाली वाकून बघितलं तर टाकी लखलखीत.

मी निवडुंगात फेकलेला तुकडा तू त्याच दिवशी उचलला होतास, हळदीच्या डागासकट. तुला तेव्हाच कळलं होतं. गंज नाही हे कळलं, मी खोटं बोललो हे कळलं, का बोललो हे पण. आणि सात वर्षं तू भंडारा टाकत राहिलास, माझ्या पटक्यावर, आणि लोकांना बढाया मारत राहिलास माझ्या तोंडाकडे बघत. तू माझ्याकडून कबुली मागत नव्हतास रे. मी बोलतो का, हे बघत होतास.

वहिनी अस्थींचं मडकं मांडीवर घेऊन मागं बसल्या होत्या. मी कापड हातात धरून उभा राहिलेला बघून म्हणाल्या, "ते व्हय? दर ऐतवारी धुवायचे. मला हात लावू द्यायचे न्हाईत. म्हनायचे, मिस्त्रीचा पटका हाय, मळता कामा नये."

मी कापड परत बसवलं, तार आवळली. पेट्रोल ओतलं. वहिनींकडं हात पुढं केला. त्यांनी न विचारता कमरेची तुझी पिशवी काढून दिली. मी चिमूट घेतली आणि टाकली. मग पहिल्यांदा गाडी चालवायला तुझ्या जागेवर बसलो. सीट तुझ्या अंगाच्या खड्ड्याची, मला अर्धी सैल. चपला काढल्या.

नदीवर पोचलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "आधी एकदा चढ चढवा. मग खाली घाटावर जाऊ." चढवली. उघड्या पायाला दाब कळतो म्हादबा, चांगला कळतो. हे एक तुझं कबूल करतो. गाडी वरपर्यंत एका दमात गेली, एक उचकी नाही. वर थांबलो, इंजिन चालूच ठेवलं. तू ऐकावंस म्हणून. असा आवाज या पट्ट्यात दुसऱ्या कुठल्या गाडीला नाही, आणि तो दोघांचा आहे.

बाकी मी म्हटलं होतं, मेलास तरी कबूल करणार नाही. सखारामचा शब्द आहे, तो मोडणार नाही. इंजिन पान्यानं बसतं, भंडाऱ्यानं नाही.

गेले दोन ऐतवार फडकं मी धुतोय.